पुरुषी हात

"सर, बाप म्हणून तुमचं कुठं चुकलं?"

भेटेल त्या बापाला तो हा प्रश्न विचारायचा. आधी ओळख, मग चहापाणी, मग प्रश्न असा क्रम त्याच्याकडे नव्हता. जिन्यात गाठ पडली, दूध घेताना शेजारी उभा राहिला, की लगेच. विचारताना चेहरा असा, की समोरच्या मशीनमध्ये नेमका बिघाड कुठे आहे ते त्याला समजून घ्यायचे आहे.

नगरच्या सावेडीतल्या आमच्या कॉलनीत या प्रश्नाने बरीच गंमत उडवून दिली होती. समोरचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "माझं काहीएक चुकलं नाही. पोरगं चुकलं." दूधवाला म्हणाला, "चुकायला घरी तर असलं पायजे ना दादा." कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र चिडले आणि आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. तो सगळ्यांचे मनापासून ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "बरं झालं सांगितलं. ध्यानात ठिवतो."

नव्याने बाप झालेली मुले तुम्हीही पाहिली असतील. पेढे वाटतात, मोबाईलवर एकाच बाळाचे चाळीस फोटो दाखवतात, दोन महिन्यांनी पुन्हा क्रिकेटच्या गप्पांत रमतात. हा इतरांच्या चुका गोळा करत हिंडायचा.

तो माझा भाडेकरू होता. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्याच्याकडे होत्या. मूळचा सोनईजवळच्या वस्तीवरचा, शेतकऱ्याच्या घरातला. आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर कामाला लागलेला. त्याचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यासाठी त्याला विचारायला हवे, आणि त्याला काही विचारण्याचा हक्क मी घालवून बसलो आहे. तो कसा घालवला, ते लिहायला बसलो आहे. माझे वय आता अठ्ठ्याहत्तर. यापुढे टाळत राहिलो तर राहूनच जाईल.

मी शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पालकसभेत 'सुजाण पालक' या विषयावर बोलायला आसपासच्या शाळाही मला बोलवत. भाषणात एक प्रसंग हमखास असे. माझ्या मुलाला टायफॉइड झाला होता आणि मी सलग आठ दिवस त्याच्या उशाशी बसून होतो. इथे आवाज थोडा खाली आणायचा, मग माता डोळे पुसत. माझ्या या भाषणांबद्दल भाडेकरूही कुणाकडून तरी ऐकून आला होता. पहिल्याच आठवड्यात खाली आला, प्रश्न विचारला. मी म्हणालो, "चुकलं म्हणशील तर थोडा हळवेपणा नडला," आणि टायफॉइडची गोष्ट सांगितली. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. आमची ही बाजूला भाजी निवडत होती, ती ताट घेऊन आत गेली.

त्या आठ दिवसांत मी पुण्याला बोर्डाचे पेपर तपासत होतो. उशाशी ती बसली होती.

त्याची बायको अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली, भंडारदऱ्याच्या बाजूची. पहिले बाळंतपण म्हणून माहेरी गेली, मुलगी झाली. आपल्याकडे अशा वेळी लेकीला तीन महिने, चार महिने ठेवून घेतात. जावयाने पाहुण्यासारखे जायचे, बाळाच्या हातावर काही ठेवायचे, जेवून परत यायचे. याने सव्वा महिना कसाबसा काढला आणि गाडी करून दोघींना घेऊन आला. सासरे नाराज झाले. सुभेदारांनी फाटकाशी अडवले.

"काय घाई होती रे? बायकोवाचून करमत नव्हतं का?"

"बायको मला वळखती, सुभेदार," तो म्हणाला. "पोरगी न्हाई वळखत अजून."

बाळाला अंघोळ घालायला मालिशवाल्या मावशी येत. चौथ्या दिवशी त्याने मावशींना सांगितले की मला शिकवा. मावशींनी आधी तोंडाला पदर लावला, मग कपाळाला हात. "बाप्या मानसाचं काम हाय व्हय हे? लोक मला हसतील." पण तो हटेना. दोन आठवडे शेजारी उकिडवा बसून पाहत राहिला. मावशी शेवटी म्हणाल्या, "घे बाबा. पन समद्या कॉलनीला शिकवू नको, माझी गिऱ्हाइकं खाशील."

दुसरी पाळी असली की सकाळी तो घरी असे. दहाच्या सुमाराला मागच्या अंगणात ऊन यायचे. तिथे पाट मांडून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय लांब करून तो बसायचा. दोन्ही नडग्यांच्या मधल्या खाचेत मुलगी पालथी. तेल, डाळीचे पीठ, मग पाणी. पाणी हाताने बघायचे नाही, कोपराने बघायचे. "सर, लेथवर केसाएवढा फरक चालतो," तो मला म्हणाला, "हितं तेवढाबी न्हाई."

त्याचे हात कामगाराचे. लोखंडाच्या किसाने तळव्यांवर बारीक चिरा पडलेल्या. ते पोरीला खरखरीत लागतील म्हणून तो रोज वजरीने तळवे घासायचा आणि तूप चोळायचा. कारखान्यातली माणसे त्याला 'मेहंदी काढ आता' म्हणून चिडवत, आणि हे तो स्वतःच हसत हसत येऊन सांगे.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते अंगण दिसते. मी वर्तमानपत्र घेऊन तिथे उभा राहायचो. घरात चांगली आरामखुर्ची असताना माणूस ओट्याला टेकून अग्रलेख का वाचतो, हे आमच्या हिच्या लक्षात आले नसेल असे नाही. ती मात्र उघडपणे मागच्या पायरीवर जाऊन बसायची. अंगावर पहिला तांब्या पडला की मुलगी श्वास रोखायची, मग एकदम ओठ काढायची, आणि तो खाली वाकून म्हणायचा, "झालं झालं, मालकीणबाई, संपलं." मुलगी रडायचे विसरून त्याच्याकडे टक लावून बघायची. आमची ही हसायची. इतक्या मोकळ्याने हसणारी बाई माझ्या घरात राहते, हे मला खिडकीतून समजले.

"अहो, या ना बघायला," ती हाक मारायची.

"माझी पूजा राहिली आहे," मी म्हणायचो आणि तिथेच उभा राहायचो.

मला त्याचा मत्सर वाटत होता. हा शब्द मी मुलांना व्याकरणात शिकवला, निबंधात तपासला, पण स्वतःपुढे कधी ठेवला नव्हता. तो चुकावा असे मला वाटायचे. मुलगी एकदा तरी सटकावी, नाकात पाणी जावे, तिने किंचाळावे आणि आमच्या हिने धावत जाऊन तिला त्याच्या हातातून काढून घ्यावे. माझ्या अंगणात, माझ्या नळाच्या पाण्याने, एक दहावी-आयटीआय मुलगा मला न येणारी गोष्ट करत होता आणि त्यासाठी त्याने एकही भाषण दिले नव्हते.

मग आमचा मुलगा पुण्याहून दोन दिवसांसाठी आला. बरोबर सूनबाई आणि वर्षाचा नातू. शनिवारी सकाळी मुलगा मागे गेला तो तासभर आलाच नाही. खिडकीतून पाहिले तर हा त्याला शिकवत होता. नातू माझ्या मुलाच्या पायांवर, आणि हा समोर बसून, "दादा, घोटे जुळवा, गुडघं थोडं फाकवा, मान डाव्या हातात." पाणी सगळीकडे उडत होते. माझा चाळिशीचा मुलगा लहान पोरासारखा खिदळत होता. माझ्याशी तो आवंढा गिळून बोलतो.

नातवाला टॉवेलात गुंडाळताना तो म्हणाला, "बाबांनी मला कधी उचलल्याचं आठवत नाही रे मला. खरंच एकदाही नाही."

"आसं नगा म्हनू दादा," हा म्हणाला. "त्यांच्या टायमाला कोन उचलत हुतं? तुमी आजारी हुता तवा आठ दिस उशाला बसले हुते सर."

माझ्या मुलाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाला, "असं सांगितलं का त्यांनी?" एवढेच. आणि नातवाच्या अंगाला पावडर लावू लागला.

मुलाने तक्रार केली, हे मी सोसले असते. याने माझी बाजू घेतली, आणि तीही माझ्याच खोट्याच्या आधाराने घेतली. ते मला सोसले नाही.

रविवारी मुलगा परत गेला. सोमवारी दुपारी, ही देवळात गेलेली असताना, मी भाडेकरूंच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म कपाटातून काढला. त्यावर नातेवाइकाच्या रकान्यात सासऱ्यांचा नंबर होता. मी फोन लावला.

"मी घरमालक बोलतोय, मास्तर. सहज केला."

"बोला ना मास्तर, बोला. पोरी बऱ्या हायेत ना?"

"तशा बऱ्या आहेत. बाळाचा कान मात्र वाहतोय. आता बघा, जावई सोन्यासारखा आहे तुमचा, पण अंघोळ तोच घालतो. पुरुषी हात शेवटी. तान्ह्या जिवाचं काम ते नाही. पुढे कानाचं काही झालं तर मुलीची जात आहे."

या बोलण्यात एकही वाक्य धडधडीत खोटे नव्हते. कान खरेच वाहत होता. पण डॉक्टरांनी सर्दीचा आहे म्हणून सांगितले होते, आणि ते मला माहीत होते, कारण थेंब मीच मेडिकलमधून आणून दिले होते. तेवढे मी सांगितले नाही.

"आणि माझं नाव निघू देऊ नका," मी म्हणालो. "मालक-भाडेकरूचं नातं, उगाच वाईटपणा."

"शब्द दिला मास्तर."

मंगळवारी दुपारच्या एसटीने सासरे आले. डोक्याला टोपी, हातात पिशवी. चहासुद्धा घेतला नाही. जिन्यात लेक रडत म्हणत होती, "आण्णा, तसं काय न्हाई वो, त्ये लई चांगलं करत्यात." ते म्हणाले, "चार म्हयनं ऱ्हा, मग ये." तो कारखान्यातून आला तेव्हा पिशव्या भरून झाल्या होत्या. सासऱ्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे वळण त्याच्या घरचे. त्याने मुलीला रिक्षापर्यंत उचलून नेले आणि बायकोच्या मांडीवर ठेवले.

चारचे सहा महिने झाले. आधी कान, मग पावसाळा, मग घाटातला रस्ता खराब. तो दर सुट्टीला मोटारसायकल काढायचा. संगमनेरवरून चार तास जायचे, दोन तास बसायचे, चार तास यायचे. तिथे ओसरीवर पुरुषांत बसवायचे त्याला. मुलगी बाहेर आणून दाखवत आणि पुन्हा आत नेत. येताना आमच्यासाठी तिकडचा वासाचा तांदूळ आणायचा. "काकू, नवा हाय, पानी कमी घाला." तो भात मी खाल्ला. चवही लागली.

कुणीतरी फोन केला होता, इतके त्याला कळले होते. कुणी, ते सासरे सांगेनात. त्याने मावशींवर संशय घेतला. गिऱ्हाईक गेल्याचा राग म्हणून त्यांनीच सांगितले असणार, असा त्याचा हिशोब. फाटकाशी उभे राहून तो मावशींना तोडून बोलला. मावशी तोंडात बोट घालून ऐकत राहिल्या आणि मग आमच्या कॉलनीत यायच्याच बंद झाल्या. मी हे सगळे ओट्याला टेकून ऐकले. मावशी आता कुठे असतात मला ठाऊक नाही. त्यांचा काही दोष नव्हता, हेही इथे लिहून ठेवतो.

एका सुट्टीला तो लवकर परत आला. हेल्मेट काढले नव्हते, तसाच माझ्या दारात उभा राहिला.

"सर, ती रडली."

"कोण?"

"पोरगी. मी हात केला, तर किंचाळली. आईच्या गळ्याला मिठी मारली. मला बघून, सर." मग हेल्मेट काढले. "माझं कुठं चुकलं? तुमी सांगा. तुमाला कळतं यातलं."

हे ऐकताना मला काय वाटले ते लिहायचे टाळले, तर हे सगळे लिहिण्यात अर्थ नाही. मला वाईट वाटले, पण आधी बरे वाटले. एक क्षणभर. मग मी त्याला बसवून, त्या वयात मुले अनोळखी चेहऱ्याला कशी घाबरतात, यावर दहा मिनिटे बोललो. 'अनोळखी' हा शब्द त्याच्यासमोर मी तीनदा वापरला.

मुलगी परत आली तेव्हा धरून धरून उभी राहत होती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मागच्या अंगणात पाटावर बायको बसली. तो टॉवेल घेऊन बाजूला उभा. आमच्या हिने पायरीवरून विचारले, "का रे, आज तू नाही?"

"न्हाई काकू," तो म्हणाला. "पुरुषी हात हाय आपला. तान्ह्या जिवाचं काम न्हाई त्ये."

माझे वाक्य होते ते. माझ्या तोंडातून डोंगरात गेलेले, तिथल्या ओसरीवर त्याला ऐकवलेले, आणि आता त्याचे स्वतःचे झालेले. त्या दिवसानंतर त्याने मुलीला उचलून घेतलेले मी फारसे पाहिले नाही. तो तिच्यासाठी खेळणी आणायचा, डॉक्टरकडे न्यायचा, फी भरायचा. सगळे नीट करायचा. माझ्यासारखे. तळव्यांना तूप चोळणे बंद झाले. कुणाला प्रश्न विचारणेही बंद झाले. सुभेदार म्हणाले, "शहाणा झाला."

दीडेक वर्षाने तो सोनईला परत गेला. तिथे त्याने स्वतःचे लेथ टाकले. जाताना पाया पडला. मी आशीर्वाद दिला.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, काकूंसाठी. मुलगा झाला होता. हिने फोन ठेवला, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"आता तरी जाऊन सांगा त्याला."

"काय सांगू?"

"तो फोन तुम्ही केला होता ते." मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "आपला झाला तेव्हा मी म्हटलं होतं, घ्या जरा. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? पुरुषी हात, पडेल. तो शब्द मी पुन्हा त्या पोराच्या तोंडून ऐकला. तुमचा शब्द मला कळणार नाही का?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

बाळ महिन्याचे झाल्यावर मी गेलो. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर-सोनई असते. कंडक्टर मात्र अजून 'नगर-सोनई' ओरडतो. सोनईला उतरून रिक्षाने वस्तीवर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बाहेर उन्हात त्याची आई बाळाला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. तो चार हात अंतरावर टॉवेल घेऊन उभा होता. मोठी मुलगी, आता पाच वर्षांची, आजीला तांब्या भरून देत होती.

त्याला आनंद झाला. खुर्ची आणली, पाणी आणले. मी म्हणालो, बसत नाही, आधी ऐक. आणि उभ्यानेच सगळे सांगितले. फॉर्म, नंबर, कानाचे थेंब, मावशी. टायफॉइडही सांगितला. का केले असे त्याने विचारले नाही, पण मी तेही सांगितले. "तुझा मत्सर वाटत होता मला."

त्याच्या आईने बाळाला उचलून टॉवेलात घेतले आणि आत गेली. बायको दारात येऊन उभी राहिली होती. त्याने तिच्याकडे पाहिले. मग खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला, आवाज मोठा केला आणि माझ्या हातात दिला.

"आण्णांना सांगा. हिच्या देखत."

मी सांगितले. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हातारा म्हणाला, "मास्तर, मी शब्द पाळला. जावयानं एवढा बोल लावला, लेक दोन वरीस धड बोलली न्हाई, तरी तुमचं नाव काढलं न्हाई मी. मला वाटलं, शिकलेलं मानूस हाय, पोरीच्या भल्याचं सांगतंय." आणि फोन ठेवला.

बायको डोळ्यांना पदर लावून आत गेली. त्याने मोबाईल माझ्या हातातून घेतला.

"धाकट्याचं ठीक हाय," तो म्हणाला. "त्याला उद्यापासनं मी घेतो." मग आवाज उतरला. "पन ह्या थोरलीचं काय करू सर? हिला लागलं खुपलं तर ही माझ्या म्होरनं आजीकडं पळती. पाच वर्साची पोर पायावर घेता येत न्हाई आता."

या प्रश्नावर पालकसभेत मी चाळीस मिनिटे बोललो असतो.

"चला," तो म्हणाला. "बाराची गाडी चुकंल तुमची."

फाट्यापर्यंत सोडतो, असे तो म्हणाला नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. बांधावरून चालत गेलो. ओढ्याच्या वळणावर दम लागला म्हणून थांबलो आणि मागे पाहिले. मुलीची शाळेची वेळ झाली असावी. तो तिच्यापुढे उकिडवा बसून तिच्या पायात बूट घालत होता. आजी शेजारी उभी होती. एक पाय उचलल्यावर मुलीचा तोल जाऊ लागला, तेव्हा तिने हात पुढे केला. बापाचा खांदा वीतभर अंतरावर होता. तिने आजीचा पदर धरला.